बलुत्याबाहेरचा बाजार : जुन्या शेतकी जाहिराती नोंदवताना

1880 ते 1940 या काळातली मराठी साप्ताहिके, मासिके आणि पंचांगे चाळून त्यांतल्या शेतकऱ्यांसाठीच्या जाहिराती नोंदवायच्या, असे हे काम. भाग मुख्यतः देशावरचा : पुणे, सातारा, सोलापूर, नगर, बेळगाव. वरवर पाहता यात अवघड काही नाही. पान उलटायचे, जाहिरात दिसली की उतरवून घ्यायची. पण नुसती अशी यादी केली तर तिच्यातून उभे राहणारे गाव खोटे असते. त्या गावात लोखंडी नांगर असतो, कडबा कापायचे यंत्र असते, तेलावर चालणारे इंजिन, धातुपौष्टिक गोळ्या आणि खिशातले घड्याळ असते. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट मात्र कुठेच नसतात.

कारण उघड आहे. बलुतेदाराला जाहिरात लागत नव्हती. लोहाराचे गिऱ्हाईक वतनाने ठरलेले आणि मजुरी सुगीला खळ्यावर धान्यात मिळायची. आठवडी बाजारातल्या मिरची-मीठवाल्यालाही छापील ओळीची गरज नव्हती. त्याची जागा आणि वार साऱ्या पंचक्रोशीला पाठ. तेव्हा प्रत्येक नोंदीला आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो : ही वस्तू किंवा हे काम बलुत्यात मिळत होते का, बाजारात मिळत होते का, की दोन्हीकडे नव्हते? जाहिरात बहुतेक वेळा तिसऱ्या ठिकाणी उगवते. जिथे रोख पैसा मोजावा लागणार आणि विकणाऱ्याचे तोंडही पाहिलेले नसणार, तिथे. हा रकाना नोंदवहीत पहिला ठेवला की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते.

आता कागद. ग्रंथालयात जी मासिके मिळतात ती वर्षावर्षाची बांधणी केलेली असतात आणि बांधणाऱ्याने अनेकदा मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकलेली असतात. लेखांचे पृष्ठांक सलग आणि जाहिरातींचे वेगळे, अशी छपाईची रीत असल्यामुळे ती पाने काढली तरी खंड तुटलेला दिसत नाही. म्हणून बांधीव खंडात जाहिराती नाहीत याचा अर्थ त्या छापल्या नव्हत्या असा कधीच लावायचा नाही. ‘मुखपृष्ठ नाही’, ‘जाहिरात-पाने नाहीत’ असे त्या अंकापुढे स्पष्ट लिहायचे. सुटे अंक मिळाले, तेही कुणाच्या माळ्यावरचे, तर त्यांचे मोल बांधीव खंडापेक्षा जास्त. साप्ताहिकांचे तसे नाही. त्यांत जाहिरात मजकुराच्याच पानावर, स्तंभात बसलेली असते, त्यामुळे ती टिकून राहते. फक्त आतल्या शिवणीकडची अक्षरे पोटात जातात. ती वाचायला खंड दाबून सपाट करू नये, पाठ मोडते. दोन्ही बाजूंना उशा किंवा गुंडाळलेले कापड देऊन खंड अर्धवट उघडा ठेवावा आणि शिवणीकडच्या भागाचा फोटो तिरका घ्यावा. शाई फिकी असेल तर दिवा एका बाजूने, कागदाला समांतर धरावा. छपाईच्या खिळ्यांचा, म्हणजे टाइपांचा, दाब कागदावर उमटलेला असतो, तो सावलीत वाचता येतो. टेबलावर शाईचे पेन आणू नये. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. काही वर्षांत ती तपकिरी होते आणि खालचे अक्षरही खाते.

मथळा, मजकूर आणि किंमत उतरवून भागत नाही. आम्ही लिहितो ते असे : अंकाची तारीख, पान, स्तंभातली जागा, आकार, चित्राचा ठसा आहे का, वस्तू, किंमत, किमतीत वाहतूक धरली आहे का, माल कोणत्या स्टेशनावरून सुटणार, पैसे कसे द्यायचे, एजंट कुठल्या गावी आणि सुटे भाग कुठे मिळणार. यातला शेवटचा रकाना सुरुवातीला फालतू वाटतो. लोखंडी नांगराच्या जाहिराती वाचू लागले की तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर 1903 साली काढला. त्याआधी त्यांचे सायकलींचे दुकान होते आणि कडबा कापायचे यंत्रही ते बनवत. लोखंडाने जमिनीला विष चढते असे शेतकरी म्हणत आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि ती सांगून शेतकऱ्याच्या अडाणीपणावर हसण्याची पद्धतही आहे. जाहिराती आणि नांगर दोन्ही नीट पाहिले तर शेतकऱ्याचा संशय तितका भाबडा वाटत नाही.

लाकडी नांगराचा फाळ घडीव लोखंडाचा. बोथट झाला की लोहार तो तापवून, ठोकून शेवटून, म्हणजे पुन्हा धार आणून, देई. कोळसा आणि लोखंड शेतकऱ्याचे, घण मारायलाही बरेचदा शेतकऱ्याचाच माणूस, आणि लोहाराची मेहनत बलुत्यात. म्हणजे हंगामात रोख खर्च जवळपास काहीच नाही. लोखंडी नांगराला फाळ येतो तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड कडक असते म्हणून झिजते सावकाश, पण दगडावर आपटले की तुटते. तापवून ठोकायला जावे तर घणाखाली भुगा होतो. गावच्या लोहाराच्या भट्टीचा इथे उपयोग नाही. फाळ मोडला की नवा विकत घ्यायचा, रोखीने, बाहेरून मागवून, आणि तोही नांगरट चालू असताना. पाऊस तोंडावर आणि नांगर फाळावाचून बांधाला पडलेला, ही धास्ती खरी होती. ती ओळखून विकणाऱ्यांनी फाळाची किंमत नांगराच्या किमतीखालीच छापायला आणि तालुक्याच्या गावी फाळ ठेवणारे एजंट नेमायला सुरुवात केली. एजंटांची यादी वाढते तसा नांगराचा पसारा वाढतो, हे एका पाठोपाठ एक अंक पाहताना डोळ्यांना दिसते. चित्र, शिफारसपत्रे, मोठमोठे दावे यांपेक्षा ती बारीक टायपातली यादी जास्त बोलकी.

सुट्या भागांच्या जाहिरातीत आकडे असतात ते भागांचे क्रमांक. ओतीव भागावर तो क्रमांक उठवलेला असे आणि मागणीपत्रात तोच द्यायचा. ‘नांगराचा फाळ पाठवावा’ एवढेच लिहिले तर भलताच येणार, आणि भोके न जुळणारा फाळ बसवता येत नाही. नोंदवताना नांगराचा क्रमांक, फाळाचा क्रमांक आणि किंमत हे तीन आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत. घाईत ते एकमेकांत मिसळतात आणि नांगर काही रुपयांचा होऊन बसतो.

दुसरी बारीक ओळ बैलांची. लाकडी नांगर माती फाडतो, उलटत नाही. लोखंडी नांगराचा पंखा माती उचलून पालथी घालतो. काळ्या रानात हरळी आणि कुंदा हे तण माजते. त्याच्या मुळ्या खोल जातात, त्या उघड्या पाडून उन्हाळ्यात वाळवायच्या तर नांगर खोल लागला पाहिजे. म्हणून जाहिरातीत हरळी-कुंद्याचे नाव ठळक आणि खोली इंचांत. पण जितके इंच जास्त तितक्या बैलजोड्या जास्त. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्याला जड नांगर विकत घेऊनही इर्जिकीवाचून, म्हणजे इतरांच्या बैलांच्या मदतीवाचून, चालवता येत नाही. तेव्हा खोली आणि जोड्या या दोन गोष्टी नोंदीत शेजारीशेजारी लिहाव्यात. जाहिरातीत नुसती खोली असेल आणि बैलांचा उल्लेख नसेल, तर तसेही लिहावे. तो उल्लेख गाळण्यात विकणाऱ्याचे हुशारपण असते.

नांगराचा प्रकारही पाहावा. एकाच बाजूला माती टाकणारा नांगर रानात फेर धरून चालवावा लागतो, आणि शेवटी मध्ये वरंबा किंवा चर राहतो. पंखा फिरवता येणारा नांगर धावेवर वळला की माती पुन्हा त्याच अंगाला टाकतो, रान सपाट राहते. पाटाच्या पाण्याखालच्या जमिनीत हा फरक फार मोठा. इंग्लंडच्या रॅन्सम्स कंपनीचे असे नांगर दख्खनमध्ये आधीपासून येत होते. देशी कारखान्याची जाहिरात वाचताना तिचा रोख या विलायती नांगरावर आहे की गावच्या सुतारावर, हे ओळखता आले पाहिजे. ‘स्वदेशी’ हा शब्द मोठा छापला असेल तर समोर विलायती माल आहे. ‘हलका’, ‘दोन बैलांचा’ हे मोठे असेल तर समोर सुतार आहे.

औंध संस्थानच्या राजांनी जागा दिली आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. जाहिरातीत त्या काळी स्टेशनचे नाव कुंडल रोड असे. पुढे सातारा रोडला कूपर यांचा कारखाना नांगर करू लागला. दोन्ही नावांतला ‘रोड’ लक्षात घेण्यासारखा आहे : कारखाना गावात नाही, रुळांच्या कडेला. नांगर टपालाने जात नाही, मालगाडीने जातो. पुणे-मिरज लोहमार्ग त्या वेळी मीटर गेजचा, म्हणजे अरुंद रुळांचा, 1971 पर्यंत तसाच होता. पुण्याच्या पलीकडे ब्रॉड गेजने जाणारा माल पुण्यात एका डब्यातून दुसऱ्यात भरावा लागे. बिडाच्या मालाला ही उचल-आपट वाईटच. म्हणून किंमत ‘स्टेशनवर पोच’ आहे की ‘कारखान्यावर’ आहे, हा फरक नोंदीत हवाच. नगर जिल्ह्यातल्या गिऱ्हाइकाला आणि मिरजेच्या गिऱ्हाइकाला एकाच छापील किमतीचा नांगर एकाच भावात पडत नसे. त्यापुढे स्टेशनपासून गावापर्यंत बैलगाडीचे भाडे निराळे, ते तर कुठेच छापलेले नसते.

हलक्या वस्तूंचे गणित पोस्टावर. व्ही. पी. ची, म्हणजे पार्सल देताना पोस्टाने किंमत वसूल करण्याची, सोय 1877 साली सुरू झाली, मनीऑर्डर 1880 साली. या दोहोंमुळे न पाहिलेल्या माणसाकडून माल मागवणे खेड्यातल्या माणसाला परवडू लागले, कारण पैसे पार्सल हातात आल्यावर द्यायचे. अर्थात पार्सल फोडून पाहण्याआधीच. फसवणुकीची जागा नेमकी ती. ‘टपालहशील निराळे’, ‘पाव डझन घेतल्यास हशील माफ’, ‘पत्ता बाळबोध लिपीत, पोस्ट व तालुक्यासह लिहावा’ अशा ओळी जाहिरातीच्या शेवटी सापडतात. त्या गाळू नयेत. शेवटची ओळ सांगते की पत्ते बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, न येता मोडीत येत होते आणि पोस्टात अडत होते.

किमती आणि मापे यांत सर्वांत जास्त गोंधळ होतो. रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै. ‘12-8-0’ असे छापले असेल तर ते साडेबारा रुपये. संगणकाच्या तक्त्यात हे टाकताना रकान्याचा प्रकार आधी ‘मजकूर’ ठेवावा, नाहीतर तो आकडा तारीख समजून बदलला जातो आणि मागाहून कळतही नाही. मूळ आकडा तसाच ठेवून दशांशातली किंमत शेजारच्या रकान्यात वेगळी काढावी. मराठवाड्यातला अंक असेल तर रुपया कोणता ते आधी ठरवावे. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत. स्थिरावलेला दर 7 हालीला 6 कलदार असा होता. म्हणजे 35 रुपये हाली हे 30 रुपये कलदार. पुण्याच्या जाहिरातीशी औरंगाबादच्या जाहिरातीची तुलना करताना एवढे केले नाही तर तिकडे सगळेच महाग दिसते.

मण ऐकला की सावध व्हावे. मुंबईचा मण 28 पौंडांचा, सरकारी मण 82 पौंडांहून थोडा जास्त, जवळजवळ तिप्पट. 20 मणांची खंडी मुंबई मापाने 560 पौंड, पण कापसाची खंडी 784 पौंडांची. धान्याची पायली आणि शेर ही भरण्याची मापे, वजनाची नव्हेत, आणि ती तालुक्यागणिक बदलत. पेंडीच्या किंवा बियाण्याच्या जाहिरातीत नुसता ‘मण’ असेल तर तो किलोत रूपांतरित करू नये. ‘मण, माप अज्ञात’ असे लिहून पुढे जावे. जमिनीला मात्र हा त्रास नाही : 33 फूट बाय 33 फुटांचा गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर.

तारखांचेही तसेच. पंचांगावर शक असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात 78 मिळवावेत, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79. निजामी मुलखातल्या कागदांवर फसली साल असते. त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या उत्तरार्धासाठी 591. पंचांगातली जाहिरात पाडव्याआधी छापून ठेवलेली आणि पुढे वर्षभर भिंतीवर लटकणारी, म्हणून तिच्यात किमती क्वचितच आणि पत्ता मोठा. साप्ताहिकात उलट.

एकच जाहिरात महिनोन्‌महिने चालते, कारण छापखान्यात जुळवलेले खिळे तसेच बांधून ठेवलेले असतात. किती वेळा छापली आणि मुळात वेगळ्या जाहिराती किती, हे दोन आकडे निरनिराळे ठेवले पाहिजेत. किंमत बदलली की फक्त आकडे उपसून नवे बसवतात. नवा आकडा थोडा वर-खाली, जरा जाड किंवा बारीक दिसतो, त्यावरून बदल कोणत्या अंकापासून झाला ते पकडता येते. पहिल्या महायुद्धात लोखंड आयात होईना, तेव्हा असे बदल भराभर दिसतात. काही जाहिरातींतून तर किंमतच नाहीशी होते आणि ‘भाव पत्राने कळवू’ येते. 1929 नंतर शेतमालाचे भाव कोसळले. त्या वर्षांत छापील किंमत उतरलेली दिसली तरी वस्तू स्वस्त झाली असे म्हणता येत नाही. ज्वारीचा त्या वर्षीचा स्थानिक भाव घेऊन नांगराला किती ज्वारी विकावी लागली असती ते काढावे. शेतकरी हाच हिशेब करत असणार.

संगणकावर चढवलेल्या अंकांत शब्द शोधून जाहिराती काढू पाहणाऱ्यांना एक सूचना. 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे मराठी न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांनी भरलेले आहे : कांहीं, आंत, शेतांत, नांवाचा. आजच्या लेखनाने शोधले तर यातले काहीच हाती लागत नाही. शिवाय यंत्राला जुने जोडाक्षर वाचता येत नाही आणि जाहिरातीतले शोभेचे टाइप तर त्याहून नाही. शोध घेऊन मिळाले ते वरकड समजावे. पाने हाताने उलटण्याला पर्याय नाही.

हंगाम पाहिल्याशिवाय जाहिरात कळत नाही. नांगर संक्रांतीनंतर, सुगी उरकून रान मोकळे झाले की. कडबा कापायचे यंत्र ज्वारी खळ्यावर आली की : न कापलेल्या कडब्याचा पाला जनावर खाते आणि बुडखा टाकते, ही नासाडी तेव्हा डोळ्यांसमोर असते. या यंत्राच्या जाहिरातीत न सांगितलेली गोष्ट म्हणजे पाते आणि तोंडाची पट्टी यांतली फट. ती वाढली की कडबा कापला न जाता चेचला जातो. पाते वरचेवर पाजवावे लागते, आणि मुठीने कडबा आत सारणाऱ्याची बोटे सांभाळावी लागतात. बियाणे आणि पेंड वैशाख-ज्येष्ठात. हिवतापाची औषधे भाद्रपद-आश्विनात.

नीरा डावा कालवा 1885 चा. त्याच्या आणि मुठा कालव्याच्या पट्ट्यातल्या जाहिराती देशावरच्या बाकी भागापेक्षा निराळ्या, कारण उसाने रोख पैसा आणला होता. इथे वस्तूंबरोबर सेवा विकली जाते : ऊस गाळायचा लोखंडी चरक भाड्याने, रस आटवायची काहील भाड्याने, गुळाची अडत. भाडे हंगामाचे की दिवसाचे, मोडतोड कोणाकडे, हे पाहावे. अमोनियम सल्फेटच्या जाहिरातीही आधी याच पट्ट्यात येतात. जिरायत गावाला तिचा काही उपयोग नव्हता.

औषधांवर फार वेळ घालवू नये. बालामृत, मलम, धातुपुष्टी यांच्या जाहिराती संख्येने सगळ्यांत जास्त आणि माहितीने सगळ्यांत कमी असतात. किंमत, बाटलीचा आकार आणि पत्ता एवढे घेऊन पुढे जावे.

कोणत्या पत्रात काय आले नाही, हेही तपासतो. मुकुंदराव पाटलांचे ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक विचाराचे साप्ताहिक 1910 साली सुरू झाले आणि पुढे नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून निघत राहिले. पुण्याच्या पत्रातली जाहिरात तिथे दिसली नाही, तर विकणाऱ्याने शेतकरी वाचक कोणता गृहीत धरला होता ते कळते. पुण्याचे पत्र घेणारा बरेचदा गावातला जमीनदार, वकील किंवा शिक्षक, आणि इतरांच्या कानावर मजकूर जायचा तो पारावर मोठ्याने वाचला गेला तर. 1920 साली किर्लोस्करांनी स्वतःचे ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले, तेव्हा कारखान्यापासून गिऱ्हाइकापर्यंतची मधली माणसे थोडी कमी झाली.

छापील कागदावर न उतरलेले पुष्कळ आहे. हलगी वाजवून दिलेली दवंडी ही गावातली मुख्य जाहिरात, आणि ती देणाराही बलुत्यातलाच. म्हसवड, पुसेगाव, खरसुंडी, माळेगाव अशा जत्रांत जनावरांच्या बाजाराबरोबर अवजारे मांडली जात, आणि 1926 च्या पुण्यातल्या शेतकी प्रदर्शनासारख्या ठिकाणी नांगर चालवून दाखवत. यांचा माग लागतो तो हस्तपत्रकांवरून. ती जपून ठेवलेली क्वचितच मिळतात. दुकानदारांच्या जुन्या चोपड्यांच्या पुठ्ठ्याला आतून अस्तर म्हणून चिकटवलेली मिळतात. ओली करून सोडवू नयेत, शाई पसरते. चोपडी जशी आहे तशीच ठेवून पत्रकाचा फोटो घ्यावा, आणि आतले मोडीतले जमाखर्चही त्याच बैठकीत वाचून घ्यावेत. नांगराची जाहिरात पुठ्ठ्यावर आणि फाळाची उधारी आतल्या पानावर, अशी जोडी सापडली तर त्या एका चोपडीचा उपयोग अनेक खंडांपेक्षा जास्त होतो.